जिल्हा एका दिवसात होतो, दप्तर होत नाही

दरवर्षी २६ जानेवारी किंवा १ मे जवळ आला की नव्या जिल्ह्यांची यादी मोबाइलवर फिरू लागते. कोकणातली नावं त्यात ठरलेली असतात: जव्हार, मीरा-भाईंदर, कल्याण, महाड, मंडणगड. यादीखाली ना सही, ना शासन निर्णयाचा क्रमांक, तरी अभिनंदनाचे फलक छापायला जातात. निदान सध्या तरी त्या भानगडीत कुणी पडू नये. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिच्यासाठी जिल्हा, तालुका, गाव यांच्या हद्दींत जे बदल करायचे असतील ते ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उरकून घ्या, असं केंद्राने राज्यांना कळवलं होतं. त्यानंतर हद्दी गोठल्या. गणना संपेपर्यंत नवा जिल्हा तर सोडाच, एखादं महसुली गावसुद्धा या तालुक्यातून त्या तालुक्यात टाकता येत नाही. प्रगणकाला, म्हणजे घरोघर मोजणी करणाऱ्याला, नेमून दिलेला गट गाव-तालुका-जिल्हा याच उतरंडीतून बनतो. उतरंड मध्येच हलली तर काही घरं दोनदा मोजली जातील आणि काही राहून जातील.

थोडक्यात, मागणी करणाऱ्यांना वेळ मिळालाय. या वेळात ठाण्यातून पालघर वेगळा झाला ती वाटणी नीट समजून घेतली, तर पुढच्या प्रस्तावात निम्म्या चुका टळतील.

आधी कायदा. जिल्हा करायला विधिमंडळात विधेयक आणावं लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ खाली राज्य शासन राजपत्रात अधिसूचना काढून जिल्हा, उपविभाग, तालुका तयार करू शकतं, त्यांच्या हद्दी बदलू शकतं किंवा ते रद्दही करू शकतं. अट एकच, पण महत्त्वाची: पूर्वप्रसिद्धी. आधी मसुदा निघतो, हरकती-सूचनांना मुदत दिली जाते, त्यांचा विचार होतो आणि मग अंतिम अधिसूचना येते. राज्याची सीमा मात्र या कलमाच्या हातात नाही. ती बदलायची तर संविधानाच्या अनुच्छेद ३ प्रमाणे संसदेतच जावं लागतं. त्यामुळे तलासरीत किंवा दोडामार्गात कुणी सभेत ‘जिल्हा झाला की हद्दीचा वादही मिटेल’ असं सांगत असेल, तर टाळ्या वाजवू नयेत.

अधिसूचना हे फाइलचं शेवटचं पान. फाइल सुरू होते जिल्हाधिकारी कार्यालयात. तिथून ती बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे जाते, मग मंत्रालयात महसूल व वन विभागाकडे, वित्त विभागाकडे, पदनिर्मितीसाठी सचिवांच्या समितीकडे आणि शेवटी मंत्रिमंडळापुढे. क्षेत्रफळ, गावं, सजे (तलाठ्यांची कार्यक्षेत्रं), लोकसंख्या, अंतरं ही माहिती पटकन गोळा होते. फाइल अडते ती पदांवर. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी या तीन खुर्च्यांचं लोकांना माहीत असतं. पण जिल्हा कोषागार, जिल्हा शल्यचिकित्सक, भूमी अभिलेखचे जिल्हा अधीक्षक, कृषी अधीक्षक, जिल्हा उपनिबंधक सहकारी संस्था, मुद्रांक जिल्हाधिकारी, जिल्हा पुरवठा अधिकारी, हिवताप अधिकारी, नियोजन अधिकारी अशी लांबलचक रांग मागे उभी असते. प्रत्येकाला कारकून, शिपाई, वाहन, जागा. वित्त विभाग पहिला प्रश्न हाच विचारतो की यातली नवी पदं किती आणि जुन्या जिल्ह्यातून वळवता येतील ती किती. पदं वळवली की कागदावर खर्च कमी दिसतो. प्रत्यक्षात दोन्हीकडची टेबलं अर्धी रिकामी राहतात. नव्या जिल्ह्याची पहिली दहा वर्षं ‘अतिरिक्त कार्यभार’ या शब्दावर जातात, त्याचं मूळ इथे आहे.

आता पालघर. २०११ च्या जनगणनेत अविभाजित ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता: १ कोटी १० लाखांहून अधिक माणसं, १५ तालुके, ९,५५८ चौरस किलोमीटर. एका टोकाला घोडबंदरचे टॉवर, दुसऱ्या टोकाला गुजरातला चिकटलेली तलासरी आणि नाशिकच्या सीमेवरचा मोखाडा. जून २०१४ मध्ये मंत्रिमंडळाने विभाजन मंजूर केलं आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. तारीख शहाणपणाने निवडलेली होती. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, त्यामुळे गावचे हिशेब वर्षाच्या मधोमध तोडावे लागत नाहीत. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. महाराष्ट्र दिन समारंभाला चांगला, हिशेबाला नाही.

पालघरकडे आठ तालुके आले: वसई, पालघर, डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा आणि वाडा. लोकसंख्या सुमारे २९ लाख ९० हजार. उरलेल्या ठाण्याकडे सात तालुके आणि तरीही ८० लाखांच्या वर लोक. आकड्यांवरून वाटेल की वाटणी शहरी आणि आदिवासी अशी सरळ झाली. तशी ती झाली नाही. नव्या जिल्ह्यात एकट्या वसई तालुक्यात १३ लाख ४३ हजार लोक, म्हणजे जवळपास ४५ टक्के. तिथे २००९ पासून महापालिका आहे. पाणी, रस्ते, बांधकाम परवानगी, मालमत्ता कर, यांपैकी कशासाठीही वसई-विरारकराला जिल्हा मुख्यालय गाठावं लागत नाही. ज्याला ते गाठावंच लागतं तो मोखाड्याचा माणूस, आणि लोकसंख्येच्या तक्त्यात तो दिसतही नाही.

माझं ठाम मत आहे की जिल्हा हवा की नको हे लोकसंख्येवरून ठरवावं, पण मुख्यालय कुठे हे सर्वांत दूरच्या तालुक्यावरून ठरवावं. पालघरला नेमकं उलट झालं. जव्हारची मागणी जुनी होती. जुन्या संस्थानाची राजधानी, डोंगराळ तालुक्यांच्या मधोमध. निवड झाली पालघरची, कारण रेल्वे, महामार्गाची जवळीक, सरकारी जमीन आणि समोर तारापूरची औद्योगिक वसाहत. एप्रिल २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणूपर्यंत जाऊ लागली होती, त्यामुळे विरार, सफाळे, बोईसर, डहाणू या पट्ट्याला पालघर सोयीचंच. जव्हारहून मात्र विक्रमगड-मनोर असं खाली उतरत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, मोखाड्याहून त्यात आणखी पंचवीसेक. त्या मानाने मोखाड्याला त्र्यंबक-नाशिक जवळ. आजारी माणूस तिथून नाशिकला जातो, तलासरीचा सिल्वासाला किंवा वलसाडला. सीमेवरच्या तालुक्यांचं हे ठरलेलंच आहे. तिकडे दक्षिणेला सावंतवाडी-दोडामार्गचे लोक गोव्यात बांबोळीला जातात, आणि २०१८ च्या सुरुवातीला गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावल्यावर तिथे केवढी अस्वस्थता पसरली होती. जिल्ह्याची हद्द लोकांच्या पायाखालच्या वाटा बदलत नाही. मुख्यालय त्या वाटांवर असलं तर ते उपयोगी पडतं.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले, त्यानंतर जव्हारला अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय आलं. नवा जिल्हा न करता शासन जे अर्धं पाऊल टाकतं, ते हेच. जमीन महसुलाची अपिलं, सुनावण्या, काही परवानग्या तिथे होऊ शकतात. पण कोषागार, पोलीस अधीक्षक, जिल्हा परिषद, शल्यचिकित्सक हे सगळे मुख्यालयीच. आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालयं जव्हार आणि डहाणू अशी दोन आहेत. वाटणीच्या वेळी शहापूरचा प्रकल्प ठाण्याकडे राहिला. ही रचना जिल्ह्याच्या आधीची, आणि खरं सांगायचं तर डोंगरातल्या पाड्याला जिल्हाधिकाऱ्यापेक्षा प्रकल्प अधिकारी जास्त कामाचा.

पालघरची मुख्यालयाची इमारत मात्र अभ्यासण्यासारखी आहे. बोईसर रस्त्यावर कोळगावला सुमारे ४४० हेक्टर सरकारी जमीन सिडकोला दिली गेली. त्यातल्या १०३ हेक्टरवर सिडकोने कार्यालयं बांधून द्यायची आणि उरलेल्या जमिनीवर नवं शहर वसवून खर्च भरून काढायचा, असा सौदा. तिजोरीवर थेट भार नाही, ही त्याची जमेची बाजू. पण उद्घाटन झालं १९ ऑगस्ट २०२१ ला. म्हणजे सात वर्षं जिल्हा शहरात विखुरलेल्या जागांतून चालला. एका दाखल्यासाठी तीन कार्यालयं आणि तिन्ही तीन टोकांना, हे त्या काळातल्या कुठल्याही पालघरकराला विचारा.

सिंधुदुर्गात उलटा मार्ग घेतला गेला. सावंतवाडी, कुडाळ, मालवण, कणकवली या सगळ्यांचं आपापलं म्हणणं होतं. मुख्यालय गेलं ओरोसला, कुडाळ आणि कणकवलीच्या मधे, मुंबई-गोवा महामार्गालगत. अंतराच्या दृष्टीने निर्णय बरोबर: दोडामार्गला पूर्वी रत्नागिरी दोनशे किलोमीटरच्या पलीकडे होती. पण सिंधुदुर्गनगरीत कचेरी सुटली की सामसूम. बहुतेक कर्मचारी कुडाळ-कणकवलीत राहतात, कारण शाळा, बाजार, दवाखाना तिकडे. मोकळ्या माळावर मुख्यालय नेताना हा हिशेब आधीच धरावा. गाव वसायला एक पिढी जाते.

आता ज्या गोष्टीवर सर्वांत कमी बोललं जातं ती: दप्तर, म्हणजे सरकारी नोंदींचे जुने कागद.

जिल्हा बदलला म्हणून सातबारा नवीन काढावा लागत नाही. गट क्रमांक, सर्व्हे क्रमांक, फेरफार क्रमांक तेच राहतात, फक्त उताऱ्यावर जिल्ह्याचं नाव बदलतं. पिनकोड टपाल खात्याचा, तो हलत नाही. उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला तहसीलमधूनच मिळतो. इथपर्यंत सगळं सोपं. अडतं ते जातीच्या दाखल्यावर. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. म्हणजे आजोबा-पणजोबांचा गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूची नोंद), शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जुना फेरफार. पालघरमधल्या माणसाचा हा प्रत्येक कागद ‘जिल्हा ठाणे’ असा लिहिलेला. सिंधुदुर्गातल्याचा ‘जिल्हा रत्नागिरी’. जव्हार आणि सावंतवाडी ही संस्थानं होती, तिथले १९४८ पूर्वीचे कागद तर संस्थानी दप्तराचे, बरेचसे मोडी लिपीत. रायगडात मुरुड, श्रीवर्धन, म्हसळ्याचे जंजिरा संस्थानचे, आणि १९८१ पर्यंतचा बाकी सगळा व्यवहार ‘जिल्हा कुलाबा’ या नावाचा.

म्हणून अर्जात आणि प्रतिज्ञापत्रात ‘मौजे अमुक, तालुका अमुक, तत्कालीन जिल्हा ठाणे, हल्ली जिल्हा पालघर’ असं स्पष्ट लिहावं. तालुकाही बदललेला असेल तर तोही लिहावा: विक्रमगड आणि दोडामार्ग हे तालुके १९९९ मधले, त्याआधीच्या कागदावर ते नाव सापडणारच नाही. नक्कल मागताना आधी विचारावं की अभिलेख कक्षातलं त्या गावाचं दप्तर हस्तांतरित झालंय की जुन्या मुख्यालयातच आहे. हस्तांतरण गठ्ठ्यांनी होतं. यादी असते ‘गाव, वर्षं, गठ्ठा क्रमांक’ एवढीच, आणि एक गठ्ठा चुकीच्या तालुक्याच्या कपाटात गेला की तो सापडेपर्यंत ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असा शेरा मिळतो. तो शेरा तोंडी घेऊ नये, लेखी घ्यावा. जात पडताळणी समितीपुढे लेखी शेऱ्याला किंमत आहे. मोडी कागद असेल तर लिप्यंतर जाणकाराकडून सही-शिक्क्यानिशी करून जोडावं.

चालू प्रकरणांचंही असंच. प्रांताधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील पडून असेल तर ते नव्या जिल्ह्यात वर्ग होतं आणि त्याला नवा क्रमांक पडतो. पक्षकाराला नोटीस येईलच या भरवशावर राहू नये. नवीन अपील करायचं असेल तर मुदत संहितेच्या कलम २५० प्रमाणे धावतच असते: जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशाला ६० दिवस, इतर वेळी ९०. कार्यालय नव्या जागी जात होतं, हे कारण विलंब माफीच्या अर्जात लिहिता येतं, पण ते मान्य होईलच असं नाही.

माणसांची वाटणी याहून किचकट. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक, जिल्हा परिषद शिक्षक हे सगळे जिल्हास्तरीय संवर्ग, म्हणजे नेमणूक आणि ज्येष्ठता त्या जिल्ह्यापुरती. वाटणीत त्यांच्याकडून विकल्प (कुठला जिल्हा हवा ती पसंती) मागितले जातात आणि साहजिकच सगळ्यांना शहराकडचा जिल्हा हवा असतो. विकल्प नाकारला गेला तर पुढे आंतरजिल्हा बदली हाच रस्ता, आणि त्यात सेवाज्येष्ठता शून्यावर येते. पंधरा वर्षं नोकरी झालेला शिक्षक नव्या जिल्ह्यात यादीच्या तळाला. ज्याला जाता येतं तो तरीही जातो, आणि जागा रिकामी राहते ती जव्हार-मोखाड्याची. त्यात ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली गेली. पालघरचा मोठा भाग या क्षेत्रात येतो. मुळात हा निर्णय भाषेच्या आणि टिकून राहण्याच्या दृष्टीने योग्यच, पण भरती लांबली की सगळ्यात आधी याच जिल्ह्याला बसते.

जिल्हा परिषदही आपोआप दुभंगत नाही, तिची निवडणूक नव्याने घ्यावी लागते. पालघर जिल्हा परिषदेची पहिली निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. ठाण्याची मात्र डिसेंबर २०१७ मध्ये, तोवर तिथे प्रशासक. म्हणजे वाटणीचा फटका नव्याला बसतो तसा जुन्यालाही. ठाणे जिल्हा मध्यवर्ती बँक अजून दोन्ही जिल्ह्यांची एकच आहे, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या वेगळ्या. परिवहनच्या क्रमांकांचा जिल्ह्याशी संबंध जुळेलच असं नाही: एकाच रायगडात पेणचा एमएच-०६ आणि पनवेलचा एमएच-४६. पोलिसांचं तर आणखी पुढे गेलं. ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर आणि वसई-विरार यांचं एक पोलीस आयुक्तालय आहे, म्हणजे ठाणे जिल्ह्याचा एक तुकडा आणि पालघर जिल्ह्याचा सर्वांत दाट तुकडा एकाच आयुक्ताखाली. पालघरच्या पोलीस अधीक्षकाकडे उरला तो ग्रामीण भाग. सोयीच्या दृष्टीने यात काही चूक नाही, पण ‘एक जिल्हा, एक यंत्रणा’ हे भाषणातलं वाक्य तिथे लागू पडत नाही.

महाड आणि मंडणगडची मागणी या चौकटीत ठेवून पाहा. महाड सावित्रीच्या काठी, मंडणगड तिच्या दक्षिणेला. पोलादपूर, महाड, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग अलिबागपासून तुटलेला, आणि मंडणगड, दापोली, खेड हा पट्टा रत्नागिरीपासून. यांचा मिळून एक जिल्हा ही कल्पना नकाशावर सुंदर दिसते. लोकसभेने ती अर्धीमुर्धी केलीही आहे: रायगड मतदारसंघात रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली आणि गुहागर आहेतच. पण कामाचा भाग मोजा. दोन जिल्हा परिषदांचे संवर्ग तोडून एक नवा करायचा, म्हणजे विकल्पांचा गोंधळ दुप्पट. दोन जिल्हा बँकांच्या शाखा. दोन अभिलेख कक्षांतून गठ्ठे. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची प्रकरणं तिकडे जातात, रायगडची मुंबईत. महाडकर आणि मंडणगडकर एका जिल्ह्यात आले तर त्यातल्या कुणाचं उच्च न्यायालय बदलायचं, हे मागणीच्या एकाही पत्रकात दिसत नाही. महाडचा जिल्हा फक्त रायगडातून काढावा किंवा मंडणगडला अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय मागावं, हे जास्त मिळण्यासारखं आहे.

मसुदा निघेल तेव्हा हरकतींना मोजकेच दिवस मिळतील. छापील नमुन्यावर हजार सह्या घेऊन दिलेली निवेदनं एकच हरकत म्हणून निकालात निघतात, आणि इतिहासाची पानं भरलेली पत्रं ‘नोंद घेतली’ या शेऱ्यावर थांबतात. वजन पडतं ते गावनिहाय कागदाला. त्यात हवं: महसुली गाव आणि सजाचं नाव, सध्याच्या आणि प्रस्तावित मुख्यालयाचं एसटीच्या मार्गाने अंतर, थेट गाड्या किती आणि त्यांच्या वेळा, सकाळच्या पहिल्या गाडीने जाऊन काम करून त्याच दिवशी परतता येतं का, पावसाळ्यात कुठला घाट किंवा साकव (छोटा पूल) बंद पडतो. सोबत ग्रामसभेचा ठराव, तारीख आणि उपस्थितीसह. अनुसूचित क्षेत्रात पाड्याची ग्रामसभा वेगळी असेल तर तिचाही. हरकत मसुद्यात सांगितलेल्या अधिकाऱ्याकडेच, आवक क्रमांक घेऊन. यातला ठराव सोडून बाकी सगळं आजच तयार करून ठेवता येतं. आगारात जाऊन वेळापत्रक उतरवून घ्यायला हद्दी खुल्या होण्याची वाट बघावी लागत नाही.